पाच दिवसांचं औषध

आबा,

परवा खुटबावला आपल्या घरी चारचौघांत तुमचं नाव निघालं आणि मी गप्प बसले. म्हणून हे लिहिते आहे. तुमची पणती पुण्याच्या इस्पितळातून तीन आठवड्यांनी घरी आली होती. तिला बघायला भावकीतली आणि शेजारची माणसं जमली होती. चहा फिरत होता. तुमचा नातू, दादाचा मुलगा, पोरीला मांडीवर घेऊन सगळ्यांना सांगत होता, "आत्या व्हती म्हणून पोरगी राहिली. पाचच्या पाच दिवस औषध पाजायला लावलं तिनं, एक डोस चुकू दिला न्हाई. आबांनी तवा धाकल्या चुलत्याचं औषध मधीच बंद केलं आन् पोर हातचं गेलं. घरात एक शिकलेलं माणूस असलं की असा फरक पडतो." माणसांनी माना डोलावल्या. पलीकडच्या वस्तीवरचे एक म्हातारे, तुमच्याबरोबर मेंढरं घेऊन फिरलेले, हसत म्हणाले, "आबाचं काळीज लय मोठं. पन डोकं मेंढराचंच." सगळे हसले. मी बशीत चहा ओतला आणि प्याले.

मी गप्प बसणारी बाई नाही, हे तुम्हाला माहीत आहे. शिरूरला रक्त-लघवी तपासायची लॅब मी तीस वर्षं चालवते आहे. समोर डॉक्टर असो की पुढारी, चुकीचं बोलला तर मी तिथल्या तिथे सांगते. लॅबच्या भिंतीवर मी स्वतःच्या हातानं लिहून लावलेला कागद आहे: औषध अर्धवट सोडू नका. रिपोर्ट न्यायला आलेल्या प्रत्येकाला मी तेच तोंडी बजावते. बाजारात लोक मला मागून 'कोर्सवाली बाई' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. तो कागद तिथे का लागला हे मात्र कुणाला माहीत नाही. तो तुमच्यावर रागावून लावला होता. तुम्ही तीनदा लॅबमध्ये आलात आणि तिन्ही वेळा त्या कागदाखालच्या बाकावर बसलात. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे एक बरं होतं.

आता क्रमानं सांगते. पावसाळा सरता सरता पोरीला डेंग्यू झाला. चार वर्षांची आहे, तोंडाळ आहे, तुमच्यासारखी बारीक डोळे करून बघते. डेंग्यू साधाच होता. प्लेटलेट थोड्या कमी झाल्या होत्या. रक्त मीच तपासलं आणि घाबरण्यासारखं काही नाही असं सांगितलं. पण हल्ली आपल्याकडे एक नवीन खूळ निघालं आहे. शेळीच्या कच्च्या दुधानं प्लेटलेट वाढतात असं सगळा तालुका मानतो. डेंग्यूच्या दिवसांत ज्याच्या दारात शेळी आहे त्याच्या अंगणात लोक तांबे घेऊन उभे राहतात, त्यात शिकलेलेही असतात. आपल्या घरात तर शेळ्या आहेतच. तुमच्या कळपातलं आता तेवढंच उरलं आहे, दहा-बारा शेळ्या आणि चार मेंढ्या. सूनबाईंचा, पोरीच्या आईचा, मला फोन आला.

"आत्याबाई, पोरीला शेळीचं दूध देऊ ना? सगळी म्हणत्यात प्लेटलेट वाढत्यात."

"दुधानं काही वाढत नाही."

"पन अपाय तर न्हाई?"

"अपाय काय व्हायचाय दुधानं."

"कच्चंच द्यायचं म्हणत्यात. उकळलं की गुण जातो."

लॅबमध्ये माणसांची रांग होती. मी म्हटलं, "द्या हो काय द्यायचं ते," आणि फोन ठेवला. कच्च्या दुधातून काय काय जातं हे मी कॉलेजात शिकले आहे, परीक्षेत लिहून त्याचे गुण घेतले आहेत. माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही. घरच्या शेळीचं दूध म्हटल्यावर मला जंतू आठवले नाहीत, तुम्ही आठवलात. मला तोंड उघडायला लावून थेट आचळातून धार सोडायचात, आणि फेस नाकाला लागला की हसायचात.

ताप गेला, पोरगी अंगणात खेळायला लागली. चार दिवसांनी तिला पोटात कळा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी नातू मोटरसायकलवरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूरला आला आणि खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. "आत्या, नुसतं रक्तच पडतंय गं. दुसरा रंगच न्हाई." मी डबी प्रकाशात धरून बघितली. तो म्हणाला, "डॉक्टरकडं नेऊ का?" मी म्हटलं, "ने. पण जाताना हे घेऊन जा आणि आधी सुरू कर." एका चिठ्ठीवर अँटिबायोटिकचं नाव लिहिलं, किती चमचे ते लिहिलं. मी डॉक्टर नाही. मला औषध लिहिण्याचा अधिकार नाही. पण आपल्या घरात तीस वर्षं कुणी आजारी पडलं की आधी मला फोन येतो, आणि मी सांगितलं की डॉक्टरकडे जायचं राहून जातं. तसंच झालं. "पाच दिवस," मी त्याला म्हटलं. "बरी झाली तरी पाच दिवस. कळलं का?" तो हसून म्हणाला, "व्हय गं. आबांवानी न्हाई करत मी."

डबीतला नमुना मी काचेच्या ताटलीत वाढायला ठेवला. तुम्हाला मी अशी ताटली एकदा दाखवली होती. तुम्ही शिरूरला बैलबाजाराच्या दिवशी आला होतात, धोतराला चिखल लागला म्हणून दारातच थांबलात. मी आत ओढून आणलं आणि ताटली हातात दिली. तिच्यावर गुलाबी ठिपके दाटीनं उगवले होते. तुम्ही ती डोळ्यांपासून लांब धरून म्हणालात, "आन् ही समदी जित्ती हायत?" मी हो म्हटलं. "यातलं चांगलं कोन आन् वाईट कोन?" मी म्हटलं, बहुतेक चांगलेच आहेत, आपल्या सगळ्यांच्या पोटात असतात. तुम्ही म्हणालात, "दिसाया तर सारखीच. मी माझ्या मेंढ्या तोंडावरनं वळखतो. तू यांना कशावरनं वळखती?" मला वाटलं, तुम्ही माझी थट्टा करताय. मी फटकन म्हटलं, "आम्हाला शिकवलेलं असतं, आबा." तुम्ही ताटली जपून खाली ठेवलीत आणि बाहेर बाकावर जाऊन बसलात.

पोरीच्या ताटलीवर तसेच गुलाबी ठिपके उगवले, नेहमीचे. मी अहवालावर लिहिलं, रोगकारक जंतू वाढले नाहीत, आणि सही केली. आता मला कळलं आहे की ते त्यांच्यातच होते. नेहमीच्या जंतूंच्या जातीतलाच एक विष करणारा प्रकार असतो, आणि आमच्या नेहमीच्या ताटलीवर तो इतरांसारखाच गुलाबी दिसतो. त्याला वेगळं ओळखायला दुसरी, वेगळ्या साखरेची ताटली लागते. तिची पावडर मी फार पूर्वी एकदा मागवली होती. कुणी डॉक्टर ती तपासणी सांगेना, बाटलीची मुदत संपली, मी फेकून दिली आणि पुन्हा मागवली नाही. तुम्ही विचारलेला प्रश्न बरोबर होता. मी कशावरनं ओळखत होते? मी ओळखतच नव्हते.

चौथ्या दिवशी रक्त थांबलं. नातवाचा फोन आला, "आत्या, मानलं तुला." मी म्हटलं, पाचवा दिवस राहिलाय. पाचव्या दिवशी पोरगी झोपूनच राहिली, चेहरा पिठासारखा झाला. त्यांनी रक्त पाठवलं. प्लेटलेट बघून मी हबकले, पहिल्यापेक्षा खूपच खाली गेल्या होत्या. मला वाटलं, डेंग्यू उलटला. मी तसं सांगितलं. सकाळी एकदा देत होत्या ते दूध सूनबाईंनी दुपारीही सुरू केलं. त्या वेळी तो एक दिवस हातात होता, आणि तो आम्ही दोघींनी मिळून घालवला. मी डेंग्यू म्हणून, त्यांनी दूध पाजून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंचा फोन आला. आवाज बारीक होता. "आत्याबाई, तोंड सुजलंय तिचं. आन् कालपासनं शू केली न्हाई. फडकं कोरडंच." मी फोन ठेवला. मग आदल्या दिवशीची रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली. ती मी आधीच बघायला हवी होती. यंत्रानं आकडा दिला म्हणून बघितली नव्हती. तांबड्या पेशी गोल असतात, आबा, टिकलीसारख्या. त्या काचेत त्यांचे तुकडे पडले होते. भाकरीचा घास तोडून उरलेली कड असावी तसे. बारीक बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या की रक्त त्यातून जाताना असं फाटतं. मूत्रपिंडात सगळ्यात बारीक वाहिन्या असतात. रक्ताचा जुलाब, तो थांबल्यावर फिकट होणं, तोंड सुजणं, लघवी बंद. हे सगळं मी एकदा आधी बघितलं होतं. नळीवर डोळा ठेवून मला पोरगी दिसत नव्हती, माझा धाकटा भाऊ दिसत होता.

तो सात वर्षांचा होता. तुम्ही वरवंडला एका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवली होती. ज्वारी निघाली होती, खताला म्हणून त्यानं कळप आठवडाभर ठेवून घेतला होता. शाळेला सुटी म्हणून धाकटा तुमच्याबरोबर होता. आई नको म्हणत होती. तुम्ही म्हणालात, "चार दिस मेंढीचं दूध पिऊन येईल, अंगानं भरंल." त्याला रक्ताची हगवण लागली. वरवंडच्या डॉक्टरांनी तांबड्या-काळ्या कॅप्सूल दिल्या, पाच दिवसांच्या. तीन दिवसांच्या पोटात गेल्या, मग तुम्ही बंद केल्यात. ताकाची निवळ आणि तांदळाची पेज पाजत राहिलात. रक्त थांबलं. तुम्हाला वाटलं, उतार पडला. मग तो सुजला. मी पुण्यातल्या इस्पितळात पोचले तेव्हा त्याचे डोळे सुजून मिटले होते आणि तुम्ही खाटेच्या पायाशी उकिडवे बसला होतात, घोंगडी खांद्यावर, उन्हाळ्यात. मला बघून म्हणालात, "बये, लघवीच हुईना गं त्याला." तिसऱ्या दिवशी तो गेला. तेव्हा तिथे लहान मुलाला मशीनवर घ्यायची सोय नव्हती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं नाही, बहुधा त्यांनाही माहीत नव्हतं.

दहाव्याला सगळे जमले होते. आईनं तुमची बंडी धुवायला घेतली, तर खिशात कागदाची पुडी निघाली. उरलेल्या कॅप्सूल. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होते. मला वर्गात शिकवलं होतं की औषध अर्धवट सोडलं तर जंतू शिरजोर होतात. मी पुडी सगळ्यांसमोर सोडली, कॅप्सूल जमिनीवर पसरल्या आणि म्हटलं, "बघा. आबांनी मारलं त्याला." आई म्हणाली, "आगं, काय बोलतीस?" मी पुन्हा म्हटलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. मग खाली बघून म्हणालात, "व्हय. माझ्याच हातानं गेलं पोर." त्या वर्षीच तुम्ही कळप माझ्या चुलत्यांना दिलात, अडल्या-नडल्याला चार जनावरं ठेवलीत आणि घरी बसलात. वीस वर्षं जगलात त्यानंतर. मी रचलेली गोष्ट घरात मुरली, दादाच्या मुलांना दुधाबरोबर मिळाली. आबांनी औषध बंद केलं म्हणून काका गेला. परवा तुमचा नातू सांगत होता ते माझं वाक्य आहे.

पुण्याला नेलं त्याच दिवशी पोरीला डायलिसिसवर घेतलं. मूत्रपिंडाची डॉक्टर तरुण आहे, माझ्या मुलीसारखी. तिच्या लॅबनं विष्ठेत ते विष आणि ते विष करणारा जंतू दोन्ही शोधून काढले. शिगा विष म्हणतात त्याला. मी माझा अहवाल तिच्या पुढे ठेवला. तिनं वाचला, उलटा करून ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या गावाकडच्या लॅबनंही हाच दिला असता." मग विचारलं, "अँटिबायोटिक कुणी सुरू केलं?" मी म्हटलं, मी. "किती दिवस?" मी म्हटलं, "पूर्ण पाच." तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "हा प्रकार असेल तर आम्ही देत नाही."

मी तिला सगळं विचारून घेतलं, वहीत लिहून घेतलं. तुम्हाला समजेल असं सांगते. हा जंतू शेळ्या-मेंढ्यांच्या, गाईम्हशींच्या आतड्यात सुखानं राहतो. जनावराला काही होत नाही, कारण त्या विषाला पेशीला चिकटायला एक जागा लागते आणि जनावराच्या रक्तवाहिन्यांत ती जागाच नसते. तुम्ही म्हणायचात ना, मेंढरू ठणठणीत तर दूध चांगलं. ते खरं नाही, पण तुम्हाला तसं वाटणं चूक नव्हतं. लहान मुलाच्या मूत्रपिंडात ती जागा भरपूर असते. विष तिथे चिकटतं, पेशीच्या आत शिरतं आणि पेशी जिथे स्वतःला लागणारं सगळं बनवते तो कारखानाच बंद पाडतं. पेशी मरते. आणि हे विष करायची अक्कल त्या जंतूची स्वतःचीही नाही. त्याच्या आत एक विषाणू निजलेला असतो, ती त्याची आहे. जंतूवर औषधाचा मारा झाला की हा विषाणू जागा होतो, भराभर वाढतो, जंतूला फोडून बाहेर पडतो, आणि आत साठलेलं विष एकदम आतड्यात सांडतं. सगळ्याच औषधांनी असं होतं असं नाही. प्रत्येक पोराला होतं असंही नाही. मी डॉक्टरला म्हटलं, "म्हणजे माझ्यामुळे झालं?" ती म्हणाली, "असं मी लिहून देऊ शकत नाही. औषध न देताही झालं असतं कदाचित. पण झालं नसतं असंही मी सांगू शकत नाही." मला त्या उत्तराचा राग आला. मला हो किंवा नाही हवं होतं. आयुष्यभर मी लोकांना पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असं सांगत आले.

पोरगी वाचली. पण दोन्ही मूत्रपिंडं दुबळी झाली आहेत. रक्तदाबाची गोळी सुरू आहे, चार वर्षांच्या पोरीला. दर आठवड्याला पुण्याला रक्त द्यायला जावं लागतं. अळणी खायचं. मोठी होताना ती पुरतील की पुन्हा मशीन लागेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. परवा माणसं हसत होती तेव्हा ती माझा पदर ओढून म्हणत होती, "आत्याआजी, मला चटनी दे की जराशी. कुनाला सांगणार न्हाई मी."

आणि तुमचं. तुम्हाला मी निर्दोष ठरवू शकत नाही, आबा. त्या वेळी रक्ताच्या हगवणीचे दुसरेही जंतू गावोगाव होते, माणसाकडून माणसाला होणारे. त्यांच्यात एक असा होता की तोही हेच विष करतो, आणि त्याला औषध द्यावंच लागतं. धाकट्याला तो असेल तर कदाचित उरलेल्या कॅप्सूलनी तो वाचला असता. मेंढीच्या दुधातून आलेला असेल, तर त्या बंद करून तुम्ही योग्य केलंत, नकळत. त्याची विष्ठा कुणी तपासली नाही. काच नाही, ताटली नाही, काही शिल्लक नाही. म्हणजे तुमचा गुन्हा कधी सिद्धच झाला नव्हता आणि होणारही नाही. मी एका वर्षाच्या शिक्षणावर निकाल देऊन मोकळी झाले होते.

काल मी परत खुटबावला गेले. मुद्दाम दुपारी गेले, बाहेरचं कुणी नसताना. नातू कामाच्या पाळीवरून येऊन जेवायला बसला होता, सूनबाई चुलीपाशी होत्या. मी बसले नाही. उभ्यानं सांगितलं, शेळीच्या दुधापासून प्लेटलेटपर्यंत, औषधासकट, डॉक्टरच्या शब्दांसकट, आणि धाकट्याच्या दहाव्याला मी तुम्हाला काय बोलले होते तेही. नातवाचा घास हातातच राहिला. "आत्या, तू काय मुद्दाम केलं व्हय?"

"मुद्दाम नाही. पण केलं."

"मग कशाला मनाला लावून घेती? डॉक्टरीणच म्हनती की, सांगता येत न्हाई."

त्याला मला सोडून द्यायचं होतं. त्याच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. हे प्रकरण मिटावं, आत्या पूर्वीसारखी व्हावी, फोन केला की उत्तर देणारी. सूनबाईंनी मात्र तवा खाली उतरवला आणि माझ्याकडे वळल्या. "म्हंजी दूध म्या पाजलं, औषध तुम्ही दिलं, आन् इतकी वरसं नाव खराब आजोबांचं?"

"हो."

"मग परवा का न्हाई बोलला? समदी बसली व्हती की. ते म्हातारं दात काढून हसत व्हतं. तवा च्या पीत बसलात."

"गप्प बस गं," नातू म्हणाला.

"का गप्प बसू? माझ्या पोरीला मीठ न्हाई जन्माचं."

मी म्हटलं, तिचं बरोबर आहे, तिला बोलू दे. पण सूनबाईंना पुढे बोलायचं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, तवा परत चुलीवर ठेवला आणि कोरडेपणानं विचारलं, "शेळ्या इकायच्या का?" मी म्हटलं, नको, शेळ्यांचा काही दोष नाही, दूध उकळायचं, चांगलं वर येईपर्यंत, आणि लेंड्या झाडून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय पोरीला शिवायचं नाही. "उकळलं की गुण जातो म्हणत्यात," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "जाऊ दे तो गुण." त्यावर त्या हसल्या नाहीत, मीही नाही. निघताना नातू फाटकापर्यंत आला. म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला मी सांगतो. भावकीला बी सांगतो, आबांचं तसं नव्हतं म्हणून." मी म्हटलं, मी सांगेन, माझं काम आहे. लॅबमधला भिंतीवरचा कागद आज सकाळी काढला. तो चूक नाही, बहुतेक आजारांना ते खरंच आहे. तिथे नवीन कागद लावीन, डॉक्टरनं दिलेलं औषध पूर्ण घ्या, असा. पण आज भिंत मोकळी आहे.

त्यांना मी सगळं सांगितलं असं वर लिहिलं. ते खरं नाही. एक राहिलं, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला कळलेलं नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच मला ते लिहिता येतं आहे. वरवंडहून तुम्ही मला विचारलं होतंत. ज्याच्या रानात मेंढरं बसली होती त्याच्या मुलीकडून चार ओळी लिहून घेतल्या होत्यात. पोराला रक्त पडतंय. कॅप्सूल दिल्यापासून जास्त झालंय असं वाटतं. देऊ का बंद करू? तू शिकलेली, उलट टपाली नको, याच टँकरवाल्याबरोबर निरोप धाड. माझी शनिवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती. मी ते वाचलं, जर्नलमध्ये घातलं आणि ठरवलं की रविवारी बघू. तुम्ही दोन दिवस वाट बघितलीत, उत्तर आलं नाही, म्हणून स्वतःच्या मनानं औषध बंद केलंत आणि मला दाखवायला उरलेल्या कॅप्सूल जपून खिशात ठेवल्यात. दहाव्याला एवढं एकच वाक्य तुम्ही बोलला असतात, की मी हिला विचारलं होतं, तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. तुम्ही बोलला नाहीत. पुढे वीस वर्षं, लॅबच्या बाकावर बसलात तेव्हाही, चिठ्ठी पोचली का असं विचारलं नाहीत. चिठ्ठी दिल्याचं टँकरवाल्यानं तुम्हाला सांगितलंच असणार. माझ्या कॉलेजच्या वसतिगृहाच्या दारातली आल्या-गेल्याची वही मला अजून दिसते, पहारेकऱ्याच्या तिरक्या अक्षरातली.

गुरुवार, संध्याकाळ. वरवंडहून, दुधाच्या टँकरवाल्याच्या हस्ते. चिठ्ठी एक, घडी केलेली. कुणासाठी, तिथे माझं नाव. मिळाली, तिथे माझी सही.